वहिनींचं मत

"वहिनी, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसलात तरी चालेल," दातांचे डॉक्टर म्हणाले. "नात्यातला विषय आहे. कुणी काही म्हणणार नाही."

बोलणं अगदी मऊ होतं, पण शाळा मंडळाच्या त्या खोलीतल्या सगळ्या माना एकदम वहिनींकडे वळल्या. टेकडीवरची छोटी शाळा बंद करायची आणि तिथली मुलं खालच्या मोठ्या शाळेत आणायची, असा विषय होता. तीन हात बाजूने वर गेले होते, त्यांत डॉक्टरांचा जरा नाखुशीनेच, तीन विरोधात. राहिल्या होत्या अध्यक्ष, म्हणजे वहिनी. त्या बाहेर गेल्या असत्या तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की विषय बारगळायचा. शाळा होती तशी राहिली असती आणि वहिनींच्या घरातली शांतताही.

कारण छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना लहानथोर सगळेच मोठ्या बाई म्हणत, त्या वहिनींच्या सख्ख्या नणंद. दोघी एकाच घरात राहत. वहिनींचा नवऱ्याबरोबरचा संसार बारा वर्षांचा, आणि तो गेल्यावर नणंदेबरोबरचा त्याच्या दुप्पट. त्यात रुसवेफुगवे होते, एकमेकींच्या औषधांच्या वेळा पाठ होत्या आणि चहात साखर किती, यावर रोजचं भांडण ठरलेलं होतं.

आता वहिनी मंडळाच्या अध्यक्ष कशा झाल्या, तर आपोआप. त्या गणवेश शिवत. दोन्ही शाळांची पोरं त्यांच्या टेपखालून गेलेली. मंडळात दोन तट पडले आणि दोघांपैकी कुणीच मागे हटेना, तेव्हा कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई म्हणून दोघांनीही वहिनींचं नाव सुचवलं. "शिवणकाम करणारी आहे, फाटलेलं जोडेल," असं कुणीतरी म्हणालं. वहिनींना वाटलं, चार बैठका होतील, चहा होईल, सुटू. पण कुठलं काय!

सकाळी घरून निघताना मोठ्या बाईंनी त्यांना दारात गाठलं होतं. गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"वहिनी, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं?"

"परवा माझी छत्री मागितली होतीत, ती अजून आली नाही."

"थट्टा नको. माझ्या बाजूने हात वर कर असं मी म्हणत नाही. तू फक्त बाहेर जाऊन बस. तेवढंच कर माझ्यासाठी."

वहिनी काहीच बोलल्या नव्हत्या. बाईंनी ते होकारासारखंच धरलं असणार. घरात दोघींची तशीच पद्धत होती.

आणि खरं सांगायचं तर डॉक्टर बोलले तेव्हा वहिनींनी पिशवी उचललीही होती. पण चिटणिसांनी वाचून दाखवलेला निकाल त्यांच्या डोक्यातून जाईना. छोट्या शाळेतल्या वरच्या दोन वर्गांतल्या मुलांपैकी वाचनाच्या चाचणीत दोघंच पास होती. दोघंच! बाकीच्यांना वहिनी ओळखत होत्या. त्यांतली एक तर रोज दुकानात येऊन बसायची. इतकी भराभर बोलायची की सगळे तिला फटफटी म्हणत. गेल्या आठवड्यात वहिनी कापड बेतत होत्या, हात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "वाच गं जरा, मी कापते." फटफटी एकदम बंद पडली. मग म्हणाली, "बाई पाचवीला शिकवतात ना, तेव्हा आम्ही चित्र काढतो. तिसरीला शिकवतात तेव्हापण चित्रच काढतो. मी घोडा छान काढते."

पाच वर्ग आणि एक बाई. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होऊन किती वर्षं झाली, ते मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दरवर्षी अंदाजपत्रक आलं की पहिली कात्री तिथेच लागायची. मुलांच्या संख्येवर अनुदान, मुलं थोडी म्हणून पैसा थोडा, पैसा थोडा म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून ज्यांना जमेल ते आपलं पोर खाली घेऊन जात. आणि मोठ्या बाई मात्र सकाळपासून या वर्गातून त्या वर्गात पळत होत्या, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली.

"आपण त्या शाळेला उपाशी ठेवलं," त्या म्हणाल्या, "आणि आता म्हणतो, ती वाळली. हे इतिवृत्तात लिहा. गाळू नका."

चिटणिसांनी लिहिलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि बस हवी. टेकडीच्या पायथ्यापासून नव्हे, वरपासून. ती नसेल तर माझा हात खालीच राहील."

बसवर थोडी ओढाताण झाली, पण मिळाली. मग वहिनींनी हात वर केला. तो शाळा बंद करण्याच्या बाजूने होता. वर नेताना तो त्यांना फार जड लागला, आणि खाली आणल्यावरही हलका वाटला नाही.

मंडळाचा एक जुना रिवाज होता. काही बंद करायचं ठरलं तर ज्यांनी हात वर केले त्यांनीच जाऊन ते तोंडाने सांगायचं. कागद मागून जायचा. त्यामुळे पूर्वी म्हणे फारसं काही बंदच होत नसे. आता चौघांनी जायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकाला कणकण आली, एकाला परगावी महत्त्वाचं काम निघालं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात कुणाची तरी दाढ नेमकी तेव्हाच ठणकू लागली. वहिनी एकट्याच टेकडी चढल्या.

घरात आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं होतंच. सांगायला फार शब्द लागले नाहीत. "मी बाहेर नाही गेले, वन्सं," एवढंच म्हणाल्या. मोठ्या बाई ताटावरून उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. सकाळी वहिनी जाग्या होण्याआधीच त्या शाळेत गेल्या होत्या.

वहिनी शाळेच्या दारात पोचल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. त्यांना पाहताच आत एकच गलका झाला. "वहिनी आल्या, वहिनी आल्या!" आणि कुणी काही सांगायच्या आत अठरा पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाने दोन्ही हात आडवे पसरले. अहो, त्यांचं तरी काय चुकलं? वहिनी या शाळेत वर्षातून एकदाच येत, गणवेशाची मापं घ्यायला. अध्यक्षबिध्यक्ष त्यांना काय माहीत!

मोठ्या बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पोरांना खाली बसवलं नाही. नुसत्या वहिनींकडे बघत राहिल्या.

आणि वहिनींचा हात आपोआप गळ्याकडे गेला. टेप गळ्यात होताच, सवयीने. त्यांनी तो काढला आणि पहिल्या पोराची छाती मोजली, मग खांदा, मग बाही. मग दुसऱ्याची. कुणी गुदगुल्या होतात म्हणून वळवळत होतं, कुणी छाती फुगवून मोठं व्हायला बघत होतं. आपण भित्रेपणा करतोय हे वहिनींना कळत होतं. तरी त्या एकेकाचं माप घेत राहिल्या, आणि मनात म्हणत राहिल्या की पुढच्या पोरानंतर सांगते.

शेवटून तिसरी फटफटी होती.

"वहिनी, यंदा बाही लांब करा हं, मागच्या वेळी वर चढली होती, आई म्हणाली पोर वाढतंय की कापड आटतंय, आणि यंदा हिरवं जरा गडद आणा ना, आमच्या ताईचं उडालंय."

"यंदा हिरवं नाही गं," वहिनींच्या तोंडून निघून गेलं. "निळं."

"निळं तर खालच्या शाळेचं असतं."

पसरलेले हात हळूहळू खाली आले. वहिनींनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाळांनो," त्या म्हणाल्या, "ही शाळा आता बंद होणार. सुट्टीनंतर तुम्ही खालच्या शाळेत जाल. बस येईल न्यायला. हे मी ठरवलं. तुमच्या बाईंनी नाही."

कुणी रडलं नाही. लहानांना बस तेवढी कळली. मोठी मात्र बाईंकडे बघायला लागली.

मोठ्या बाई फळ्यापासून पुढे आल्या. "ऐकलंत ना? खाली प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक आहेत. दिवसभर तुमचेच. चित्रं काढत बसायचं नाही तिथे."

"तुम्ही येणार?" फटफटीने विचारलं.

"येणार."

"मग तुमचं पण माप घ्यायला सांगा."

पोरं खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. "माझं माप त्यांनी कालच घेतलंय," म्हणाल्या आणि डस्टर उचलून फळा पुसायला लागल्या. फळा आधीच स्वच्छ होता.

त्यानंतर घरात अबोला आला. साधासुधा नाही. मोठ्या बाई मांजराशी बोलायच्या. "मने, सांग तुझ्या मालकिणीला, गॅस चालू राहिलाय." "मने, कुणाच्या तरी गोळ्या घ्यायच्या राहिल्यात वाटतं." वहिनीही मांजरालाच उत्तर देत. मनी बिचारी दोघींच्या मधे बसून कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघायची. बाहेरचं कुणी आलं असतं तर हसून मेलं असतं, पण वहिनींना रात्री झोप लागत नसे. माणूस समोर असून नसल्यासारखं झालं की घर खायला उठतं. एकदा तर त्यांना वाटलं, जावं आणि पाय धरावेत. पण पाय धरून काय सांगणार? माझं चुकलं, असं? ते त्यांना वाटत नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

सुट्टी संपली. खालच्या शाळेला मुख्याध्यापक होतेच, त्यामुळे मोठ्या बाईंना दुसरीची एक तुकडी मिळाली. पहिल्या दिवशी त्या इस्त्रीचे कपडे घालून, नवे पट्ट्यांचे बूट चढवून बसमध्ये बसल्या. वहिनींनी खिडकीतून पाहिलं. दिवसभर त्यांनी एकच बाही तीनदा उसवली.

संध्याकाळी बाई आल्या त्या दारातल्या पायरीवरच बसल्या. बूटही काढले नाहीत. मनी जवळ गेली, तिला त्यांनी बाजूला सारलं.

"वहिनी."

वहिनी मशीनवरून इतक्या झटकन उठल्या की स्टूल पडलं.

"काय, वन्सं?"

"तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही हं."

"नका म्हणू."

"मरेपर्यंत म्हणणार नाही."

"मी विचारलंय का?" वहिनी शेजारी बसल्या. "कसं झालं?"

"कसं व्हायचं! माझी पोरं पाच वर्गांत वाटली गेली. माझ्या तुकडीत त्यांतलं एकही नाही, आपली ओळीने दुसऱ्याच पोरांची हजेरी. ती मला नव्या बाई म्हणतात. या गुडघ्यांनी मी नवी!" त्या जरा हसल्या. मग थांबल्या. "मधल्या सुट्टीत सगळी आली गं. अठराच्या अठरा. माझ्या वर्गाच्या दाराशी उंचीप्रमाणे रांग लावून उभी. डबे हातात. जेवायला माझ्याजवळ बसायचं म्हणून."

"मग?"

"मग काय. हाकललं मी. म्हटलं, जा, आपापल्या वर्गातल्यांबरोबर बसा, ओळखी करा. रोज इथे यायचं नाही."

"गेली?"

"गेली ना. आधी रेंगाळली, मग तिकडे कुणीतरी चेंडू काढला, तर पळतच गेली." बाईंचा आवाज फाटला. "ती फटफटीसुद्धा. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने."

आणि मग त्या रडल्या. लहान पोरीसारख्या, नाक ओढत, सगळं अंग हलवत. एवढ्या दिवसांत रडल्या नव्हत्या. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंनी तो राहू दिला.

"बरंच झालं," रडता रडताच बाई म्हणाल्या. "तसंच व्हायला हवं. नाही का?"

"हो, वन्सं."

थोड्या वेळाने वहिनी खालच्या पायरीवर उतरल्या आणि नणंदेच्या बुटांचे पट्टे सोडू लागल्या. नवे बूट दिवसभर चावले होते.

"हळू," मोठ्या बाई म्हणाल्या. "डाव्या टाचेला फोड आलाय."