गढूळ पिशवी

केसरीनाथांच्या भावाने गोड बोलून सही घेतली आणि दापोड्याची जमीन उडवली. तेव्हापासून म्हातारा ताकही फुंकून प्यायचा.

आता त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पोटाला बसवलेल्या नळीतून दिवसातून तीनदा औषधी पाणी आत सोडायचं आणि आधीचं पिशवीत काढून घ्यायचं. हे सारं सून मृणाली करायची, कोपरापर्यंत हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून. पण नव्या औषधी पाण्याची पिशवी ती आतल्या खोलीत कोमट करून आणायची. आत काय करते, कोण बघायला जातंय? पूर्ण्याची गोदामाची जागा अजून त्यांच्याच नावावर होती, आणि परवाच तिने सातबारा कुठे ठेवलाय म्हणून विचारलं होतं.

मंगळवारी ती बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी नळीचं टोपण काढलं आणि टोक नाकाशी नेलं. वास कसलाच नव्हता. म्हणजे विषही बिनवासाचं! संशयाला औषध नसतं म्हणतात ते खोटं नाही. नळीचं टोक पंच्याला पुसून त्यांनी टोपण परत बसवलं.

बुधवारी दुपारी पोटात कळ आली. पिशवीत उतरलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. मृणाली घाबरली.

"बाबा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचं."

केसरीनाथांनी पिशवी तिच्या हातातून हिसकावली. "ही माझ्याकंच ऱ्हाईल. साक्षीदार हाय ती."

मुलगा देवेश राहनाळहून गाडी घेऊन आला. दवाखान्यापर्यंत म्हाताऱ्याने पिशवी मांडीवरून हलवली नाही.

"हिच्यात काय मिसळलंय ते तपासा," त्यांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं.

दोन तासांनी बाई रिपोर्ट घेऊन आल्या. "मिसळलं कोणी काही नाही. या तुमच्याच पांढऱ्या पेशी आहेत. पोटाच्या पोकळीत काही पेशी कायम पहाऱ्यावर असतात. जंतू शिरला की त्या त्याला गिळतात आणि रक्तातून बाकीच्यांना बोलावून घेतात. एवढी गर्दी झाली की पाणी गढूळ होतं. त्या तुमच्यासाठी लढताहेत, आजोबा. जंतू आत आला तो हाताने. न धुतलेला हात लागलाय नळीला."

देवेश बायकोवर खेकसला, "हात धुवायला काय होतं तुला? बाबा गेले असते म्हणजे?"

मृणाली खाली बघत राहिली. केसरीनाथांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटातल्या पेशींना परका कोण ते न सांगता कळलं होतं. बहात्तर वर्षांच्या माणसाला कळलं नव्हतं.

"तिला बोलू नको," ते शेवटी म्हणाले. "टोपण मीच उघडलं व्हतं. वास घ्याला."



"कळलं मला," मृणाली म्हणाली. "डॉक्टर बोलल्या तेव्हा तुमचा हात नळीकडे गेला."

"मंग बोलली का न्हाय?"

"बोलले असते तर खरं वाटलं असतं तुम्हाला?"



"दोन आठवडे औषध पिशवीतूनच द्यायचंय, घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोण देणार?"

केसरीनाथांनी सुनेकडे पाहिलं. ती जागची हलली नाही; या वेळी त्यांनीच तोंडाने सांगावं म्हणून थांबली होती.