पाठीला पाठ

हवालदार प्रभावती शेजूळ यांना खोटं बोलता येत नसे. शिकवूनही आलं नसतं. एकदा कोर्टात आपल्याच साहेबाच्या विरुद्ध खरं बोलून बसल्या आणि त्यापायी दोन वेळा बदली भोगली. तेव्हापासून ठाण्यात म्हणच पडली होती, की बाईंचं म्हणणं म्हणजे पंचनामा. आणि अशा बाईला जिवाभावाची मैत्रीण मिळावी ती कोण? तर तोंडबांधी! आहे की नाही नशिबाचा खेळ?

भोकरदनच्या अलीकडं एक फाटा आहे. कॉलेजच्या पोरी तिथं एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या, आणि मोटारसायकलींवरची टवाळ कार्टी त्यांना नको नको करून सोडायची. पोरी घरी सांगायच्या नाहीत, कारण सांगितलं की शिक्षण बंद. मग एका दुपारी दोन कार्टी लिंबाला कासऱ्यानं बांधलेली सापडली. मोटारसायकलींच्या चाव्या विहिरीत. बांधणारी बाई होती, तोंडाला स्कार्फ, डोळे तेवढे उघडे, एवढंच त्यांना सांगता आलं. तेव्हापासून तिचं नावच पडलं तोंडबांधी. आता होळीनंतर आमच्याकडं कोणती बाई तोंड न बांधता बाहेर पडते? हिला शोधायचं म्हणजे कापसात कापूस शोधायचा.

शोधायचं काम आलं प्रभावतीबाईंवर. ऊन मी म्हणत होतं. फाट्यावर ती दिसली, बाई मागं धावल्या, मोसंबीच्या बागेत शिरल्या आणि पन्नाशीचं शरीर ते, डोळ्यांपुढं अंधारी येऊन बांधावरच बसल्या. पळणारी थांबली. परत आली. त्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी केली.

"मॅडम, एवढ्या उन्हात काऊन पळून राह्यल्या? मरायचंय का?"

"तुला धरायचंय," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"मंग आधी जेवा. उपाशीपोटी कोणाला धरता येत न्हाई."

बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं सावली होती. तिनं भाकरीचं फडकं सोडलं. पण जेवायचं तर तोंडावरचा स्कार्फ खाली करावा लागणार. ती म्हणाली, "तुम्ही तिकडं तोंड करा, मी इकडं करते. माझं तोंड पाह्यलं तर उद्या तुमाला खरं सांगावं लागंल. तुमी खोटं बोलत न्हाई, हे साऱ्या तालुक्याला माहीत हाय."

म्हणून दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. खांद्यावरून अर्धी भाकरी आली, तिच्यावर ठेचा. बाईंनी घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं बये, ठेचा हाय का चुलीतला इस्तू?"

पाठीमागून हसू आलं. त्या हसण्यात बाई अडकल्या ते अडकल्याच.

पुढं दर बाजाराच्या दिवशी हेच. "मॅडम"ची "बाई" झाली, "बाई"ची "अक्का". अक्का सांगायच्या की आज फाट्यावर कोण आलं होतं, कोणाला वर्दीचा धाक दाखवला. वर्दीनं भागायचं तिथं अक्का भागवायच्या. जिथं वर्दीला वरून फोन यायचा तिथं दुसऱ्या दिवशी कासरा पोचायचा. पोरी परत कॉलेजला जाऊ लागल्या. अक्कांचे मालक जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक पुण्यात, घरात बोलायला टीव्ही. त्यामुळं आठवड्यातून एकदा पाठीला लागणारी ती ऊबदार पाठ म्हणजे त्यांना माहेर झालं. हिच्या गालाला खळी पडत असंल का? हसताना ही तोंडावर हात घेते का? रात्री पडल्या पडल्या त्या तोंड जुळवून बघायच्या, आणि एकही जुळत नसे.

"एकदा बघू दे की गं," एकदा त्यांच्या तोंडून निघालंच.

पाठीमागून आवाज आला, "मला का वाटत न्हाई, अक्का? पण ज्या दिशी माझ्यावर संशय यील, त्या दिवसापास्नं मी इकडं येणार न्हाई. तुझ्या जिभेला डाग नको माझ्यापायी."

तो दिवस आला तो एका मिशीपायी. एका पुढाऱ्याच्या भाच्यानं फाट्यावर पोरीची ओढणी ओढली. दुसऱ्या दुपारी तो लिंबाला बांधलेला सापडला, अर्धी मिशी भादरलेली. सारा बाजार बघायला लोटला. मामा पेटला. साहेबांचा फोन दिवसभर वाजत राहिला. भाच्याला एकच आठवत होतं, त्या बाईच्या हाताला मोसंबीचा वास होता. झालं! मोसंबी तोडणाऱ्या बायांची अख्खी टोळी ठाण्यात आणून उभी केली.

"शेजूळ बाई," साहेब म्हणाले, "तुम्ही तिच्या मागं धावलाय. उंची, डोळे, आवाज तुम्हाला माहीत. स्कार्फ काढायला लावतो. नीट बघा आणि सांगा. तुम्ही न्हाई म्हणालात तर मीपण मामाला न्हाई म्हणून सांगीन."

बाईंच्या मनात आलं, त्यांच्यात ती असंल तर? डोळ्याला डोळा भिडला तर ओळख पटणार. ओळख पटली तर जीभ खोटं बोलणार न्हाई. आणि खरं बोललं तर पोर आत जाणार, आणि फाटा पुन्हा कार्ट्यांचा होणार.

"साहेब, सकाळपास्नं बाया उन्हात हायेत. आधी चहा तरी पाजा."

चहा आला, बिस्किटं आली. बायांनी स्कार्फ खाली केले. बाईंनी नजर फरशीवर ठेवली. पायच पाय दिसत होते, भेगाळलेले, जोडवी घातलेले, बिनजोडव्याचे. आणि त्यातले दोन पाय गर्रकन वळले. साऱ्या बाया साहेबाकडं तोंड करून चहा पीत होत्या, एकटी पाठ करून बसली. सवय, दुसरं काय! अक्का जवळ आहे आणि तोंड उघडं आहे, तर पाठ करायची, एवढंच त्या येडीच्या अंगाला ठाऊक.

"ही का पाठ करून बसली?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आमच्याकडं लई बाया परक्या माणसासमोर तोंड फिरवूनच खातात-पेतात," बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी आपला कप घेतला, तिच्या बाकावर बसल्या आणि पाठीला पाठ लावली.

मान वळवायचीच काय ती खोटी होती. इतक्या दिवसांची भूक, एका वळणावर! बाईंनी कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात खांद्यावरून अर्धं बिस्कीट आलं. त्यांनी ते घेतलं. खाल्लं.

"बोला, शेजूळ बाई. ओळखली?"

त्या उठल्या, साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तोंडबांधीचं तोंड मी आजवर पाह्यलेलं न्हाई. आन आज या खोलीत बी मला ते दिसलं न्हाई. लिहून घ्या."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग फोन उचलला. "न्हाई मामा. बिलकुल न्हाई. आमच्या बाईंनी सांगितलंय."

बाया सुटल्या. पायांचा आवाज दारातून, पायऱ्यांवरून, फाटकातून गेला. मगच प्रभावतीबाई धावत व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी मान वर केली.

ऊन मरणाचं होतं. फाटकाबाहेर पडता पडता बायांनी तोंडं बांधून घेतली होती, रस्त्यावर नुसते स्कार्फ चालले होते, एकासारखा एक. आता कोणती म्हणून बघायची? तेवढ्यात त्यातली एक थांबली. मागं वळली आणि तिनं हात वर केला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी अक्का मोटारीच्या खोलीमागं गेल्या. ती येणार नाही हे ठाऊक होतं. तरी बागेकडं तोंड करून बसल्या, भाकरी मोडली आणि अर्धी खांद्यावरून मागं धरली. हात भरून आला तरी खाली घेतला नाही.