गुणी

शिवणवाल्या आईने थोरलीला लहानपणी एकदा दुकानातल्या स्टुलावर बसवलं, हलायचं नाही म्हणून बजावलं आणि अस्तर आणायला बाजारात गेली. तिथे उशीर झाला. पोर बसल्या जागी ओली झाली, पण हलली नाही. हा किस्सा घरात वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितला गेला. धाकटी तोंडाळ, तिला टपल्या. थोरली गुणी, तिला शाबासकी. कुत्र्याला शिकवतात तसं पोरीला शिकवायचं आणि वर त्याला संस्कार म्हणायचं.

चाळिशीतही थोरली त्याच दुकानात काज-बटण करायची. हात देखणा. पण दोरा कुठल्या रंगाचा घ्यायचा हे आई सांगायची, जेवायचं कधी तेही. आई गेली आणि वर्षाच्या आत थोरलीच्या छातीत गाठ निघाली. सर्जन म्हणाले, ऑपरेशन लगेच करू. ती म्हणाली, विचारून सांगते. कोणाला विचारणार होती?

तिथून तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्या म्हणाल्या, हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे, परावलंबी. सोबत गेलेली मावशी खवळली.

"विकार? आमच्यात याला वळण म्हणतात, बाई. दिवा घेऊन शोधलीत तरी अशी पोर मिळायची नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, निर्णय तिचा तिलाच घेऊ द्या. त्यांचं विलायती पुस्तक खोटं नव्हतं. पण ते लिहिणाऱ्यांची पोरं मिसरूड फुटताच घराबाहेर पडत असावीत.

धाकटीला बाईंचं पटलं. तिने मावशीला दटावून गप्प केलं. थोरली रोज विचारायची, करू का गं? धाकटी म्हणायची, तुला काय वाटतं? थोरलीला काहीच वाटायचं नाही. स्वतःला काही वाटू द्यायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं. जन्मभर काखेत कुबडी द्यायची, मग ती हिसकून म्हणायचं, पळ.

गाठ कोणाला विचारत बसली नाही. वाढली.

शेवटी धाकटीचा धीर सुटला. "ताई, कर. मी सांगते, कर."

थोरलीचा चेहरा असा उजळला की धाकटीला बघवेना. बरं म्हणाली, केस विंचरून तयार झाली. सर्जननी पुन्हा तपासलं आणि सांगितलं, आता कापून उपयोग नाही.

बाहेरच्या बाकावर धाकटी हमसून हमसून रडायला लागली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली,

"मीपण रडू का गं?"