अनिमेषच्या मागची सीट

"या घरात चार हेल्मेटांना जागा आहे, पण एका परातीला नाही," रचना पिठाच्या डब्यात वाकून पुटपुटली.

तिच्या कोपराला कोपर लावून हेमा गवार मोडत होती, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. ठाकुर्लीतल्या त्या स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या की तिसऱ्याने दारातूनच काय ते मागावं. त्यात ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, ही नवीकोरी हेल्मेटं पंगतीला बसल्यासारखी ओळीने बसलेली.

"दिवाळीनंतर निघालो की मोकळा होईल ओटा," हेमा म्हणाली.

"हो, आई," सून म्हणाली. दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

बेत असा होता, की सगळ्या घराने जैसलमेरच्या पुढे वाळूच्या टेकड्यांवर जायचं. उंटावर बसून फोटो काढून परत यायला नव्हे. जाड चाकांच्या वाळूत चालणाऱ्या गाड्या तिथे भाड्याने मिळतात, त्या दोन घ्यायच्या. एक चालवणार हेमाचा मुलगा अनिमेष, दुसरी तिची मुलगी उर्वी. हेमाचे यजमान, ज्यांना सगळं घर भाऊ म्हणायचं, ते आणि रचना मागे बसणार. हेमाने स्वतःसाठी हेल्मेट घेऊ दिलं नव्हतं. कंबर दुखते, म्हणाली.

हा बेत निघाला त्या दिवशी सगळे ठाण्याहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येत होते. अनिमेषची नजर कडेकडेने विझत चालली होती. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहिल्यासारखं, आणि ती नळी अरुंद होत जाणार होती. यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी फार मायेने सांगितलं, आणि वर म्हणाले, "जे बघायचंय ते बघून घ्या." भाऊंनी ते सल्ला म्हणून घेतलं. शीळफाट्याला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपण वाळवंट बघू या." अनिमेष कॉलेजपासून गाडीवर जगलेला पोरगा. तो म्हणाला, "बघायचं काय त्यात भाऊ? चालवू या." आणि नको म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही.

त्यातून हेमाचा एक जुना दंडक होता. घरात वाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते. तेल संपलं तरी या घरात 'तेल वाढलं' म्हणायचं. तेव्हा अनिमेषच्या डोळ्यांचं जे होत होतं त्याला आपोआपच 'नंबर' असं नाव पडलं. "त्याचा जरा नंबर बदललाय," असं हेमा शेजारच्या मंदाकिनीताईंना सांगायची. मंदाकिनीताई म्हणायच्या, "गाजर द्या हो." हेमा गाजर द्यायची. रोज.

त्या रविवारी सरावाचा घाट घातला गेला. मागच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती, कामाला सुट्टी होती, आणि भाऊंनी ठेकेदाराला गोड बोलून रेतीचे ढीग तासाभरासाठी मागून घेतले होते. जैसलमेरची हौस ठाकुर्लीत! अनिमेषने आपल्या जुन्या बाइकच्या टायरमधली हवा कमी केली, आणि मास्तर होऊन सगळ्यांना समजावू लागला.

"वाळूत ब्रेक मारायचा नसतो. मारलात की रुतलात. नुसता गॅस सोडायचा. आणि तिथे गाडीला मागे उंच काठी असते, झेंडा लावलेली. टेकडीच्या पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही ना, म्हणून."

"कुणालाच दिसत नाही?" उर्वीने विचारलं.

"कुणालाच नाही. तिथे सगळे सारखे," तो हसून म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो असा हसला होता. हेमाने पदर उगाच नीट केला.

मग तो ढिगावर चढला, उतरला, पुन्हा चढला. काय सुरेख चालवत होता! रेती उडत होती, रचना चक्क शिट्टी वाजवत होती. भाऊ उजव्या अंगाला उभे राहून हात हलवत होते, "बस्स रे, बस्स आता!" गाडी वळली, आणि सरळ भाऊंच्या अंगावर गेली. ओरडायलाही अवसर नव्हता. हँडल कोपराला लागलं, भाऊ रेतीत बसले, आणि अनिमेष पुढे जाऊन थांबला. मागे वळून म्हणाला, "काय झालं? कोण पडलं?"

"माझाच पाय घसरला रे," भाऊ म्हणाले.

"ऊन केवढं आलेलं डोळ्यावर," रचना म्हणाली.

"आणि भाऊ, तुम्ही पण ना, रेतीच्या रंगाचा शर्ट घालून आलात!" उर्वी म्हणाली.

भाऊंचा शर्ट लालभडक होता. सरावासाठी मुद्दाम घातलेला.

घरी येऊन हेमाने त्यांच्या कोपराला आंबेहळदीचा लेप लावला. जेवणं झाली. आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा बेत सुरू झाला, गाडीवर कोण कुठे बसणार याचा.

"अनिमेषच्या मागे मी," भाऊ म्हणाले. "माझं वय झालंय, मला काय."

"मुळीच नाही. मी बसणार," रचना म्हणाली. "बायको आहे मी त्याची."

"वहिनी, तू माझ्याबरोबर. मी आणि दादा आलटून पालटून..."

"तू गप गं! तू नीट चालव म्हणजे झालं," रचना म्हणाली.

त्या एका सीटवरून चांगलीच जुंपली. मरणाच्या दारात 'आधी मी, आधी मी' अशी रेटारेटी हेमाने जन्मात पाहिली नव्हती. आणि जो तो हसत होता. अनिमेषही हसत होता, पण कुणी बोललं की मान पूर्ण वळवून त्याचा चेहरा शोधत होता. भाऊंच्या कोपरावरची हळद त्याने अजून पाहिली नव्हती.

"आई, तू सांग गं," तो म्हणाला. "माझ्या मागे कोण?"

हेमाने हातातली वाटी खाली ठेवली. ती उठून त्याच्या बरोबर समोर, त्याला दिसेल अशी जाऊन बसली.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "भाऊ घसरले नाहीत, अनिमेष. तू त्यांना उडवलंस. लाल शर्टात होते ते, हात हलवत होते, आणि तुला दिसले नाहीत. तू आंधळा होतोयस, बाळा."