पुढचा ब्रेक

भंगाराच्या डब्यात ताई एक वायसर शोधत होती, तर हाताला ब्रेक लागला. पुढच्या चाकाचा, नवाकोरा, बोल्टासकट. केबलचं टोक उसवू नये म्हणून तिनं स्वतः दाबून बसवलेली पितळी टोपीसुद्धा जागच्या जागी होती. असा ब्रेक तिनं या महिन्यात एकाच सायकलला बसवला होता, आणि ती सायकल सकाळीच दुकानातून गेली होती.

ब्रेक घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. धाकटा भाऊ पाय पसरून फोन बघत बसला होता. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणत आणि त्याला ते आवडे.

"हे काय आहे?"

"ब्रेक," तो मान वर न करता म्हणाला.

"कुणाचा?"

"आता कुणाचाच नाही."

"शिवणवाल्या बाईंच्या सायकलचा आहे हा."

"अगं, पुढचं चाक धरणारा तो चिमटा किती बोजड दिसत होता. मी ब्रेकचं भोकच नसलेला चिमटा घातला. फोटो बघ. एकही केबल नाही, एकही बोल्ट नाही. नुसती रेघ ओढल्यासारखी सायकल. सकाळपासून तीनशे लोकांनी वाखाणलीये."

ताईनं फोटो बघितला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, की तिचा आवाज चढत नसे, उलट उतरत असे. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. उस्तादलाही माहीत होतं, म्हणून त्यानं पाय आवरून घेतले.

"त्या सायकलला कुठलं हब आहे, तुला माहितीये?"

"जुनं. मीच पॉलिश केलंय."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"तू खूप काय काय सांगतेस, ताई."

दुकान दोघांचं होतं. रंग, पट्टे, हँडलच्या पट्ट्या आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं त्याच्याकडे. चाकं तिच्याकडे. ते फक्त फिक्स्ड गिअरच्या सायकली बांधत. अशा सायकलीत चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच, पाय नुसते ठेवून घरंगळता येत नाही. थांबायचं तर पायांनीच पायडल मागे रेटायचं, की मागचं चाक मंदावतं. पण हा रेटा ज्या दातेरी चक्रावर येतो, ते हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसवलेलं असतं. पुढे रेटलं की ते आवळतं, मागे रेटलं की सैल होऊ बघतं. म्हणून खऱ्या फिक्स्ड हबला टोकाशी उलटे आटे असतात आणि त्यावर एक उलट्या आट्यांची रिंग बसते. चक्र सुटायला लागलं, की ती रिंग अधिकच आवळते आणि त्याला जागचं हलू देत नाही.

शिवणवाल्या बाईंच्या जुन्या हबला हे उलटे आटे नव्हतेच. ते साध्या सायकलचं हब होतं. बाईंची हीच सायकल पंधरा वर्षं वापरात, तिचाच कायापालट करायचा होता, आणि उस्तादला ते जुन्या घडणीचं हब फारच देखणं वाटलं होतं. ताईनं शेवटी साधी रिंग घट्ट आवळून ते जमवलं, पण एका अटीवर. पुढचा ब्रेक कायम राहील. "ब्रेक आहे म्हणून हे हब आहे," असं तिनं दोघांसमोर म्हटलं होतं, आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पायांनी फार रेटू नका. थांबायचं ते हातानं."

"बाई आत्ता कुठे आहेत?"

"वर. इस्पितळात एप्रनचा गठ्ठा पोचवायला गेल्यात. चढ कसा झपाट्यानं चढल्या, म्हणून सांगू—"

"चढ कुणीही चढेल. चढताना चक्र आवळतंच."

हे म्हणताना तिला पुढचं वाक्य आपोआप सुचलं, आणि ते तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. चढून गेलेल्या माणसाला उतरावंही लागतं.

तिनं बाईंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. बाई सायकलवर असताना फोन पिशवीच्या तळाशी ठेवत, हेही तिला ठाऊक होतं. तिनं भिंतीवरची स्वतःची सायकल उतरवली.

"एवढं आकाशपाताळ एक करायला काय झालंय?" उस्ताद मागून म्हणाला. "सगळे बिनब्रेकचेच फिरतात."

"सगळ्यांच्या हबला उलटे आटे असतात," ती म्हणाली आणि निघाली.

रस्ता दुकानाच्या दारातूनच चढायला लागे. आधी छापखाना, मग शाळेची लांबलचक भिंत, मग पाण्याच्या टाकीचं वळण आणि तिथून सरळ वर इस्पितळ. ताई सीटवरून उठून पायडल मारू लागली. फिक्स्ड सायकलवर रागाला बाहेर पडायला एकच वाट असते, पायांची, आणि पाय तिचे चांगले तयार होते. तिला आठवत होतं ते सगळं ब्रेकचं नव्हतं. मागच्या वर्षी प्रदर्शनात एका माणसानं उस्तादला विचारलं होतं, चाकं कोण बांधतं, आणि तो म्हणाला होता, "घरातच होतात." पोळ्या होतात तशी. त्या माणसानं तिच्याकडे बघून विचारलं होतं, "ताईही मदत करतात वाटतं?" उस्ताद हसला होता. ती तेव्हा मूग गिळून बसली होती. धाकटा आहे, बोलघेवडा आहे, गिऱ्हाईक तोच आणतो, असं म्हणून. एकेका तारेचा ताण बोटानं छेडून, आवाज ऐकून जुळवायचा, आणि नाव घ्यायची वेळ आली की चाक घरातच होतं.

शाळेची भिंत संपली तेव्हा तिला बाई दिसल्या. टाकीच्या वळणावरून त्या खाली येत होत्या. हिरवी सायकल, पाठीला रिकामी झोळी, ताठ मान. दुकानासमोरच्या चाचणीच्या फेऱ्यांतच बाई या सायकलीला सरावल्या होत्या. जन्म पायमशीनवर गेलेला, पायानं चाक धरायचं आणि सोडायचं त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. पहिल्याच फेरीला म्हणाल्या होत्या, "हे तर माझं मशीनच आहे, फक्त पळतंय."

ताईनं आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पायांकडे. पाय थांबले होते.

पाय थांबले होते आणि सायकल पळत होती.

असं या सायकलीवर होऊच शकत नाही. झालं, म्हणजे चक्र सुटलं. बाईंनी उतारावर पायडल मागे रेटलं असणार, रिंग ढिली झाली असणार, आणि आता पाय एकीकडे नि चाक एकीकडे. त्यांचा उजवा हात हँडलवर तिथे चाचपडत होता, जिथे काल संध्याकाळपर्यंत ब्रेकची मूठ होती.

"बाई, गल्लीत," ताई ओरडली. "टाकीच्या गल्लीत घ्या. डावीकडे. तिकडे चढ आहे."

टाकीमागे जाणारी एक अरुंद गल्ली होती, डाव्या हाताला, चांगली खडी. चढ लागला की कुठलीही सायकल थांबते, ब्रेक असो की नसो. बाईंनी ऐकलं. हँडल वळवलं. वळण जरा रुंद गेलं, सायकल गल्लीच्या तोंडाशी भिंतीला घासली, चार हात वर चढली, मंदावली आणि कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आडवी झाली.

ताई पोचली तेव्हा बाई उठून बसल्या होत्या. कोपर खरचटलं होतं, पण त्या कोपराकडे बघत नव्हत्या. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरला होता.

"बघू."

"नका हात लावू." बाईंनी अंगठा दाखवला. तो मुळाशी सुजायला लागला होता. कात्री धरायचा अंगठा. "अजून चाळीस एप्रन कापायचे आहेत मला. शनिवारी द्यायचेत. कशानं कापू, दातांनी?"

"बाई, मी—"

"तुम्ही बोलूच नका, ताई." त्या ओरडल्या नाहीत, पण प्रत्येक शब्द टाके घातल्यासारखा. "त्या दिवशी मला बाजूला घेऊन काय सांगितलंत? हातानं थांबवा. आणि आज सकाळी बघते तर हाताशी काहीच नाही. मी विचारलं उस्तादना. म्हटलं, ब्रेक कुठाय? ताईंना विचारलंत ना? तर म्हणाले, ताईनंच काढायला सांगितला, आता गरज नाही म्हणाली. तुमचं नाव आलं म्हणून मी बसले. त्यांच्या नावावर मी पायरीसुद्धा उतरले नसते."

ब्रेक काढणं हा मूर्खपणा होता, आणि मूर्खपणावर ओरडता येतं. पण हे दुसरंच होतं. घरातच होतात म्हणताना त्यानं तिचं नाव गिळलं होतं, आणि आज गरज पडली तेव्हा तेच नाव बाहेर काढून त्याच्यावर खोटं टेकवलं होतं.

"मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"आता मला काय ठाऊक," बाई म्हणाल्या, "दोघांतलं कोण खरं बोलतंय."

ताईनं त्यांना रिक्षात बसवून वर इस्पितळात पाठवलं. सोबत येते म्हणाली, तर बाईंनी मानेनंच नको म्हटलं. मग दोन हातांत दोन सायकली धरून ती चालत खाली उतरली. हिरव्या सायकलचं मागचं चक्र प्रत्येक पावलाला सैल खुळखुळत होतं.

उस्ताद दारातच उभा होता. "झालं समाधान? म्हटलं होतं ना, काही होत—" त्याला हँडलवरचा ओरखडा दिसला. "रंग गेला की गं."

ताईनं हिरवी सायकल त्याच्यासमोर उभी केली. "बस."

"कुठे?"

"हिच्यावर. टाकीपर्यंत चढ आणि उतरून दाखव."

"चक्र ढिलं झालंय. मला काय वेड लागलंय?"

तिनं पाना घेतला, चक्र आवळलं, रिंग आवळली. "घे. सकाळी बाईंच्या हातात दिलीस तेव्हा होती, तश्शी झाली. बस आता."

त्यानं सायकलकडे बघितलं. मग रस्त्याच्या चढाकडे. मग कुठेच नाही.

"ताई, तू पण ना. या हबवर ब्रेकशिवाय कोण उतरेल?"

हे बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं.

"म्हणजे माहीत होतं," ताई म्हणाली.

"अगं, मला वाटलं, बाई हळू चालवतात—"

तिनं मागचं चाक काढलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. मग खणातून तार कापायची पक्कड घेतली. चाक मोडायचं असलं, की जाणता माणूस आधी सगळ्या तारा ढिल्या करतो. ताईनं केल्या नाहीत.

"फोन लाव बाईंना. आवाज मोठा ठेव. माझ्या नावावर काय बोललास, ते तुझ्या तोंडानं सांग."

"आत्ता? त्यांना जरा शांत तर—"

पहिली तार तटकन तुटली. टोक सुईसारखं उडून भिंतीवर आपटलं. उस्ताद दचकला.

"ते चाक तूच बांधलंयस."

"हो. मी बांधलंय. हे तू पहिल्यांदा म्हणालास." तिनं पक्कड दुसऱ्या तारेला लावली. "लाव."

त्यानं फोन लावला. या वेळी बाईंनी लगेच उचलला.

"बाई, मी उस्ताद. ते आज जरा गैरसमज झाला—"

तट.

"म्हणजे गैरसमज नाही, घाईघाईत माझं ताईला विचारायचं राहिलं—"

तट. तट. चाक एका बाजूला वाकडं झालं. महिनाभर तिनं केसभरही वाकू न दिलेलं चाक.

"ताई, थांब की गं."

"ब्रेक लागत नाहीये," ताई म्हणाली.

उस्तादनं डोळे मिटले. "बाई, ब्रेक मी काढला. दिसायला बरं म्हणून. ताईला माहीत नव्हतं. तिनं कायम ठेवायला सांगितला होता. तिचं नाव घेतलं नसतं तर तुम्ही बसला नसता, म्हणून घेतलं. मला माहीत होतं की ते हब धरणार नाही."

पलीकडे कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं, ढकलगाडीचं चाक कुरकुरत होतं. मग बाईंचा आवाज आला.

"अंगठ्यात तडा आहे. तीन आठवडे पट्टी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ताई ऐकतायत का?"

"ऐकतेय, बाई."

"तुमच्यावरचा राग गेला. सायकलवरचा नाही जायचा."

"नको जाऊ दे," ताई म्हणाली. "शनिवारपर्यंत मी कापायला येते. सरळ रेघेत कापता येतं मला."

"या. कात्री मात्र माझीच वापरायची," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उस्तादनं सुटकेचा श्वास सोडला. "झालं ना आता? ठेव ती पक्कड. चाक सरळ होईल अजून, चारच तारा गेल्यात."

उरलेल्या तारा ताईनं एकेक करून कापल्या, शेवटचीपर्यंत, आणि मोकळं झालेलं ते देखणं, चकचकीत हब त्याच्या हातात ठेवलं. मग चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड टेबलावरून सोडवला आणि काखेत मारला. हिरवी फ्रेम खांद्याला अडकवली.

"ताई, दुकान? उद्या दोन चाकं द्यायचीयत."

"होतील की," ती दारातून म्हणाली. "घरातच होतात."