सुरकुत्या आधी

“मावशी, नातू का हा?” मी फोटो हातात घेत विचारलं.

“नवरा आहे,” यासीन सेक म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिचा दुदू होडी घेऊन समुद्रात गेला तो परत आलाच नाही. आमच्या सेंट लुईच्या कोळीवाड्यात अशी बाई घरटी एक सापडेल. ही मासळी वाळवून विकते, कपड्यांना तोच वास. पण मान ताठ. तिला भिंतीवर लावायला काचेवरचं चित्र हवं होतं, दोघांचं.

“मग काढतो की. फोटो आहे, तुम्ही समोर आहात.”

“खुळा आहेस का? असा काढलास तर मी त्याची आई दिसेन. त्याला माझ्याएवढा कर.”

“न बघितलेलं म्हातारपण मी कुठून आणू, मावशी?”

“मी सांगते ना!”

काचेवर आम्ही मागच्या बाजूने रंगवतो. जे वर दिसायचं ते आधी काढावं लागतं. म्हणजे सुरकुत्या आधी, चेहरा नंतर. एकदा चेहऱ्याचा रंग चढला की सुरकुत्यांना हात लावता येत नाही. मी कोरी काच मांडीवर घेतली आणि कुंचला काळ्या रंगात बुडवला.

“डोळ्यांपाशी पुष्कळ काढ,” ती म्हणाली. “फार हसायचा मेला.”

“आणि कपाळावर? रागाच्या आठ्या?”



“एकच काढ. थोरलीच्या लग्नात व्याह्यांशी भांडला असता, तेवढीच. बाकी मी त्याला रागावू दिलं नसतं.”

मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी कपाळावर एकच आठी ओढली.

चौथ्या दिवशी ती चित्र न्यायला आली. मी काच उलटवून समोर धरली. पांढऱ्या कडक झग्यात दुदू, शेजारी निळ्या झग्यात ती, दोघंही पिकलेली. तिने स्वतःकडे पाहिलंसुद्धा नाही.

“किती थकलास रे,” ती त्याला म्हणाली. “आता घरी बस.”

तिने शाल काढून काच नीट गुंडाळली. उन्हं कडक होती, म्हणून मी म्हटलं, “किनाऱ्याकिनाऱ्याने जा, जवळ पडेल.”

“नको रे बाबा,” चित्र छातीशी घट्ट धरत ती म्हणाली. “मागच्या गल्लीने जाते. समुद्राला दिसायला नको.”