आधी कुठे बघितलं

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं त्या सालची ही गोष्ट. नर्सने दोन्ही पोरं एकदम आणून दाखवली तेव्हा जावई पोरांकडे बघायचं सोडून खुर्ची शोधायला लागले. माझी धाकटी जाऊ शेजारी उभी होती. ती माझ्या कानात म्हणाली, "बाई, आपल्या पोरीला दोन नाही, तीन झाली. तिसरं ते बघा, खुर्चीवर बसलंय." आणि झालंही तसंच. मुलगी आजतागायत तिघांना सांभाळते आहे.

धाकटीची ती खोडच होती. काही घडलं की सगळे घडलेल्या गोष्टीकडे बघायचे, आणि ही माणसांच्या तोंडांकडे.

आम्ही दोघी एकाच बाइंडिंगच्या कारखान्यात होतो. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, कारण आमचे नवरे भाऊ-भाऊ, दोघेही सारखेच घुमे, आणि बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतंच. कारखान्यात छापलेले मोठाले कागद यायचे, त्यांना फर्मे म्हणायचे. एका फर्म्यावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. घडी घालत गेलं की पानं आपोआप क्रमाने लागतात. मी तरुणपणापासून केस पांढरे होईतो त्या घड्या घातल्या, आणि त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. पानाच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून फर्मा सरळ की उलटा ते कळायचं, तेवढंच.

"बाई, जन्मभर पुस्तकांच्या पाठी दाबताय," धाकटी एकदा म्हणाली, "एकदाही आत डोकवावंसं वाटलं नाही?"

"वाटून काय करू? आता गोवऱ्या मसणात जायची वेळ आली."

"मग तिथे जाईपर्यंत वाचा की. वाट लांब आहे."

ती चौथीपर्यंत शिकलेली. तिने मला खराब फर्म्यांवर अक्षरं शिकवली. शाई फिसकटलेले, वाकडे छापलेले कागद कोपऱ्यात पडायचे, ते जेवणाच्या सुट्टीत आमचे. मी बोट ठेवून वाचायची आणि बाकीच्या बायका डबे खात ऐकायच्या. शिवणाच्या मशीनवर एक दांडगी बाई होती, तिला आम्ही तोफ म्हणायचो. ती माझ्या वाचनाला कंटाळून ओरडायची, "अगं, त्या राजाला घोड्यावर बसव तरी! माझी भाजी संपली, तुझी ओळ संपेना!"

खराब फर्म्यांचं दुखणं असं, की ते सगळे एका जागचे नसायचे. आमच्या वाट्याला गोष्ट कधी डोक्यावाचून यायची, कधी पायांवाचून. मग उरलेली गोष्ट आम्ही भांडून पुरी करायचो.

जुळं झालं त्या वर्षी शाळेच्या पुस्तकांचं मोठं काम आलं होतं. शाळा उघडायच्या आत गठ्ठे जायला हवे होते. त्यातला एक खराब फर्मा माझ्या हाती आला. मोठं घर, तिथे एक कामवाली बाई. ती काचेचं मोठं भांडं घेऊन जिना उतरत असते आणि वरच्या पायरीवरून खाली कोसळते. आवाज ऐकून मालकीण धावत येते आणि म्हणते, "फुटलं का गं?" म्हातारा मालक वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाही. मुलगी म्हणते, "कुणीतरी झाडू आणा, माझ्या पायाला लागेल." घरातलं कुत्रं तेवढं येऊन बाईच्या कोपराला हुंगतं. फर्मा तिथे संपला.

"विषय काय गं या गोष्टीचा?" तोफेने विचारलं. "शाळेत विचारतात ना तसं."

कुणी म्हणालं, गरिबी. कुणी म्हणालं, जिना. तोफ म्हणाली, "माझ्या नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, विषय चहा आहे आणि तो अजून का नाही आला."

सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही. तिने फर्मा माझ्या हातून घेतला.

"पडणं हा विषय नाही," ती म्हणाली. "पडतं कुणीही. पडल्यावर कोण आधी कुठे बघतं ते बघा. एक भांड्याकडे बघते. एक पेपरात बघतो. एक स्वतःच्या पायाकडे. बाईकडे बघितलं ते कुत्र्याने. लेखकाने दुसरं काही सांगितलेलंच नाही."

"मग लिहायचं तरी काय उत्तर?"

"लिहायचं, त्या घरात एकच माणूस होता आणि त्याला शेपूट होतं."

पुढचा फर्मा मागाहून मिळाला. शेवटी मालकीण भांडं चिकटवून घेते आणि पाहुण्यांना दाखवते, "सांधा दिसतसुद्धा नाही." बाई लंगडत पाहुण्यांसाठी चहा आणते. संपलं. त्याच कामात शिक्षकांसाठी उत्तरांचं वेगळं पुस्तक होतं, त्यात मी बोट लावून शोधलं. या धड्याचा विषय: 'कामात लक्ष नसेल तर नुकसान होते.'

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. एवढी शिकलेली माणसं! ज्याने गोष्ट लिहिली त्याने एकेकाचं तोंड दाखवून सांगितलं, आणि ज्याने उत्तर लिहिलं तोसुद्धा भांड्याकडेच बघत बसला. आणि हे हजारो पोरांना पाठ करायला लावणार! मी म्हणाले, या कागदाची घडी मी घालणार नाही. धाकटी म्हणाली, "घाला बाई. तुम्ही नाही घातली तर तोफ घालेल, आणि ती वाकडी घालते."

आता कटिंग मशीनचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुस्तकांच्या कडा कापायचं ते मशीन. त्याला दोन बाजूंना दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. मशीन करणाऱ्याने डोकं लावून केलं होतं ते: दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात सलामत. पण तसं काम हळू होतं. म्हणून मुकादमाने डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. कारखान्याच्या मालकांना ठाऊक होतं. रोज येता-जाता दिसायचं ते.

कटिंगवाला गरीब स्वभावाचा माणूस. एके दिवशी त्याचा मदतनीस आला नव्हता. मालक स्वतः येऊन म्हणाले, "धाकट्या बाई, तुम्ही गठ्ठे सरळ करून द्या जरा. शाळा काय तुमच्यासाठी थांबणार आहेत?" ती गठ्ठे पातं वर असताना आत सरकवायची, हात काढायची, आणि कटिंगवाला एका हाताने बटण दाबायचा. दुपारपर्यंत जमलं. दुपारी एक गठ्ठा तिरका गेला. ती तो सरळ करायला वाकली, आणि त्याला वाटलं हात निघाला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ती ओरडली नाही. ओरडला तो कटिंगवाला. "मी दाबलं, मी दाबलं," म्हणत खालीच बसला. तोफ शिवणाच्या मशीनवरून धावली, मधलं स्टूल उडवून. मी अंगावरचा एप्रन फाडून तिच्या हाताला आवळला. आणि तिने, रंग उडालेल्या तोंडाने, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. काय बघतेय म्हणून मी वळून पाहिलं.

मालक गठ्ठा उचलून उजेडात धरत होते. "आतपर्यंत गेलं का?" त्यांनी विचारलं. रक्त हो. कागदात आतपर्यंत गेलं का.

आणि मुकादम मशीनपाशी वाकून डाव्या बटणावरची चिकटपट्टी नखाने सोडवत होता.

"बघितलंत?" धाकटी मला म्हणाली. एवढंच. मग तिची शुद्ध गेली.

तिचा हात अजून गळ्यात बांधलेला होता तेव्हा तपासणीचे साहेब आले. सरकारी माणूस, स्वच्छ शर्ट, बोलायला मऊ. धाकटीला मालकांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी मुकादम आमच्या घरी येऊन गेला होता. "तुमचीच चूक झाली म्हणा, म्हणजे मिटेल. औषधपाणी मालक बघतील." धाकटीने त्याला चहा दिला, डाव्या हाताने, अर्धा बशीत सांडत. तो गेल्यावर मला म्हणाली, "बोटं गेली ती गेली, बाई. पण मी बावळट होते असं कागदावर नको. मी जन्मात एक घडी वाकडी घातलेली नाही."

साहेबांनी पहिल्यांदा मालकांना विचारलं, मग मुकादमाला. दोघांचं एकच पाठांतर: बाईंचं लक्ष नव्हतं. कटिंगवाला मान खाली घालून म्हणाला, "मी दाबलं." त्याला पुढे काही बोलू दिलं नाही. मग माझी पाळी.

"काय झालं ते सांगा, बाई."

"झालं ते सगळ्यांनी सांगितलं साहेब. झाल्यावर काय झालं ते सांगते. मालकांनी आधी कागद बघितला. मुकादमाने आधी पट्टी काढली."

"आजी, मुद्द्याचं बोला."

"हाच मुद्दा आहे. तिचंच लक्ष नव्हतं, तर याला पट्टी काढायची घाई का झाली? माणूस रक्तात पडलेलं असताना कुणी साफसफाई करतं का?"

मुकादम हसला. "म्हातारी हल्ली गोष्टी वाचते, साहेब. डोक्यात बसल्यात."

"बसल्यात तर बसल्यात!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "तुझ्या डोक्यात तेवढीसुद्धा जागा नाही. साहेब, ते डावं बटण दाबून बघा."

साहेब उठले, मशीनपाशी गेले आणि अंगठ्याने बटण दाबलं. अंगठा उचलताना चिकटला. पट्टी निघाली होती, तिचा चिकटा राहिला होता. सगळ्यांनी बघितलं. साहेबांनीही अंगठ्याकडे बघितलं, मग मालकांकडे, मग खिशातून रुमाल काढला आणि अंगठा पुसला. नीट, नखाच्या कडेपर्यंत. आणि जागेवर येऊन लिहायला लागले.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"ते कामकाजाचं असतं, आजी. तुम्हाला नाही समजायचं."

मी कागद माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. वेळ लागला. मला जोडाक्षरं तेव्हाही जड जायची. पण सगळ्या बायका थांबल्या होत्या, तोफसुद्धा, आणि मी मोठ्याने वाचलं, "काम-गार म-हि-लेच्या नि-ष्का-ळ-जी-पणा-मुळे."

धाकटीने डोळे मिटून घेतले.

पहिली तोफ उठली. तिने आपल्या शिवणाच्या मशीनचा खटका बंद केला. "साहेब," ती म्हणाली, "तो रुमाल एकदा उघडून दाखवा आणि मग काय लिहायचं ते लिहा. आम्ही आहोत इथेच बसून." मग एकेकीने हातातली घडी दाबायची लाकडी पट्टी खाली ठेवली. शाळेच्या पुस्तकांचे फर्मे छतापर्यंत रचलेले होते, आणि मालक पहिल्यांदाच आमच्या तोंडांकडे बघत होते. आम्हाला ओळखायला त्यांचे गठ्ठे अडकावे लागले.

कटिंगवाला तेव्हा पुढे आला. "पट्टी होती, साहेब," तो म्हणाला. "दोन वर्षांपासून होती. मला काढून टाकतील तर टाकू दे."

साहेबांनी ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं की डावं बटण बांधलेलं होतं असे कामगार सांगतात. 'होते' असं नाही लिहिलं, 'सांगतात' असं लिहिलं. अंगठा त्यांचा चिकटला, आणि सांगणाऱ्या आम्ही! मी त्यावर भांडणार होते. धाकटीने एप्रन ओढून मला खाली बसवलं. "निष्काळजी गेलं ना?" तिने विचारलं. मी म्हणाले, गेलं. "मग बास. बाकीचं त्यांच्या तोंडांवर आहे, ते कुठे खोडणार?"

कटिंगवाल्याला महिन्याभरात काढलं. मुकादम राहिला. डाव्या बटणावर पट्टी पुन्हा लागली नाही, एवढं झालं. धाकटीला कामावर घेतलं नाही, मशीनवर तीन बोटांचा हात चालत नाही म्हणे. ती घरी बसून शेजारपाजारच्या बायकांना अक्षरं शिकवायला लागली. खडू डाव्या हातात धरायची. तिची अक्षरं वाकडी यायची आणि त्यावर कुणी हसलं की ती हसणाऱ्याचंच तोंड बघत बसायची, त्याचं हसू संपेपर्यंत.

मालकांनी तिचा हात कसा आहे हे एकदाही विचारलं नाही. मी तिथेच काम करत राहिले, पोट कुणाला चुकलंय. पण रोज आत शिरताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची, आणि ते रोज गठ्ठ्यांकडे बघायचे.

ती गेली त्या सकाळी मी सुट्टीसाठी कारखान्यात फोन केला. मालकांनीच उचलला. मी म्हणाले, धाकटी गेली. ते म्हणाले, "आज? आज गठ्ठे जायचेत."

मी फोन ठेवला. उत्तराच्या पुस्तकात काय छापायचं ते ज्याला छापायचं त्याने छापावं. कागदावर माझ्याकडून एवढं असू द्या:

माझी धाकटी जाऊ, माझी जुळी नातवंडं पहिलीत गेली त्या वर्षी, थंडीत, छातीच्या आजाराने, सकाळी घरी वारली.